उस्मानमिस्त्रींचा तेलाचा ब्रेक

उस्मानमिस्त्रींना बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते बसलेले आहेत एवढं बघूनच काहीतरी वाईट झालंय असं मी धरून चालले. एरवी ते उभे असत, वाकलेले असत, फार तर उकिडवे. चहा उभ्याने. जेवणसुद्धा, त्यांची बायको हलिमाभाभी सांगायची, अर्धं चुलीपाशी आणि अर्धं दारात, घास हातात घेऊन. शेजारच्या हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी कान नसलेला कप वेगळा ठेवला होता, कारण कप हातात घेऊन मिस्त्री कुठपर्यंत जातील आणि तो कुठे विसरतील याचा भरवसा नसे.

सत्तर सालच्या आसपास मी कशेळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आले. मी नगरकडची, सपाट मुलखातली. इथे तीन बाजूंना डोंगर, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याला, कुशीला, कधी थेट पाठीवर पसरलेल्या वाड्या. एस.टी. मुरबाड रस्त्याने जायची आणि निघून जायची. पुढे पाय किंवा सायकल. मला नगरला असताना सायकल येत होती, म्हणून मी एक जुनी लेडीज सायकल घेतली आणि ती दाखवायला दवाखान्यासमोरच्या मिस्त्रींच्या सायकल-दुकानात नेली.

मिस्त्रींनी सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागचं चाक उचलून फिरवलं आणि कान लावला.

"चालवाया येतं ना, बाय?"

"येतं."

"ते कोनालाबी येतं. थांबवाया येतं का?"

हे त्यांचं पालुपद होतं. भाड्याने सायकल न्यायला कुणी आलं की आधी त्याला दुकानासमोरच्या उतारावरून सोडायचे आणि खाली पांढऱ्या दगडाशी थांबायला सांगायचे. दगडापुढे गेला त्याला सायकल नाही. मग तो गावचा पाटील असला तरी नाही.

उभी सायकल दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. एकदा तलाठी दवाखान्यात औषध घ्यायला आले, सायकल बाहेर लावून. औषध घेऊन बाहेर येतात तर सायकलीची चेन एका फडक्यावर, पेडल दुसऱ्या फडक्यावर, आणि मिस्त्री बेअरिंगचे छरे मोजताहेत.

"मी दुरुस्तीला दिली नव्हती हो!" तलाठी ओरडले.

"तुमी नाय दिली. पन ती रडत व्हती," मिस्त्री मान वर न करता म्हणाले.

तलाठ्यांना तासभर थांबावं लागलं. पैसे मात्र मिस्त्रींनी घेतले नाहीत.

पूर्वी ते भिवपुरीच्या वीजघरात फिटर होते. डोंगरावरून पाणी नळातून खाली येतं आणि एवढं अवजड यंत्र फिरवतं, याचं त्यांना शेवटपर्यंत कौतुक होतं. तेलाच्या दाबाने तिथल्या मोठाल्या झडपा कशा उघडतात, ते हातवारे करून सांगायचे. मग नोकरी का सोडली, असं मी एकदा विचारलं.

"आठ तास काट्यासमोर बसवलं व्हतं मला. काटा हालाया नको. हालला तर गडबड. बाय, न हालनाऱ्या काट्याकडं मानसानं किती बगायचं?"

पगार गेला, क्वार्टर गेलं, आणि भाभी तीन मुलं आणि शिवणाचं मशीन घेऊन कशेळ्याला आली. ती कुरकुर करायची नाही, पण बोलायची ते नेमकं. "सगल्या गावाची सायकल थांबवतो," ती मला म्हणाली होती, "आपन काय थांबत नाय गं."

तेलाच्या ब्रेकची गोष्ट माझ्यापासून सुरू झाली.

श्रावणात एका दुपारी वरच्या वाडीतून निरोप आला की बाई अडली आहे. मी पिशवी कॅरिअरला बांधून निघाले. खिंड ओलांडली की पुढे लांब उतार आहे आणि उताराच्या तळाशी वळणावर मोरी. पाऊस बारीक पण सारखा. उतारावर मी दोन्ही ब्रेक दाबले. सळईचे ब्रेक ते, ओल्या लोखंडावर रबर नुसतं किंचाळलं. मूठ आवळून आवळून बोटं बधिर झाली आणि सायकल आपल्या मनाने जात राहिली. वळण काही मला घेता आलं नाही. मी सरळ भातखाचरात गेले.

गुडघा फुटला ते काही नाही. पिशवीतली रक्त थांबवायची इंजेक्शनं फुटली. पुढचा कोसभर लंगडत गेले तोवर मूल जन्मलं होतं, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं. दोन तास मी मुठीने तिचं पोट चोळत बसले होते. ती वाचली. वाचली कशी, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे मिस्त्रींना सांगितलं, ते सायकलचं वाकलेलं हँडल सरळ करायला दिलं म्हणून. त्यांनी तांब्याभर पाणी चाकाच्या रिमवर ओतलं, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. परत पाणी, परत ब्रेक. दहा वेळा, पंधरा वेळा. माझी ओपीडी उरकली तरी समोर तेच चाललेलं.

"पावसात ही बहिरी व्हते," ते शेवटी म्हणाले. "सांगितलेलं ऐकत नाय."

त्यानंतर आठ दिवसांनी ते दवाखान्याच्या दारात उभे. "बाय, सुया मारायच्या नळ्या फुटक्या असतील तर द्या. एक बारीक, एक मोठी."

टोकाचे टवके उडालेल्या, काढून टाकलेल्या दोन काचेच्या सिरिंजा होत्या, त्या दिल्या. सलाइनची जुनी रबरी नळीही दिली. मिस्त्रींनी दोन्ही सिरिंजांत पाणी भरलं, नळीने एकमेकींना जोडल्या आणि मोठीचा दांडा माझ्या तळहाताखाली धरला. "दाबून धरा. जोर लावा." मी जोर लावला. त्यांनी करंगळीने बारीक सिरिंजचा दांडा दाबला आणि माझा हात वर उचलला गेला.

टपाल द्यायला आलेला पोस्टमन धोंडू तिथेच उभा होता. धोंडू पन्नाशीचा, हळू बोलणारा, हळू चालणारा. मिस्त्रींचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि स्वभावाने बरोब्बर उलटा. त्यालाही हात ठेवायला लावला. त्याचाही उचलला.

"करंगळीनं!" मिस्त्री ओरडले. "आरं, करंगळीनं! मूठ आवळून जे व्हत नाय ते!"

"बरं," धोंडू म्हणाला. "आन नळी फुटली तर?"

"नळी फुटते कशाला?"

"नाय, म्हंजे फुटली तर?"

मिस्त्री तोवर रस्त्याच्या पलीकडे पोहोचले होते.

पुढचे तीन-चार महिने दुकानाचे हाल झाले. भाड्याच्या सायकली पंक्चर होऊन भिंतीला टेकल्या. मिस्त्री सकाळच्या एस.टी.ने कर्जतला जायचे. तिथे ओळखीच्या एकाकडे लेथ होता. ब्रेकच्या पंपासाठी पितळेच्या नळकांड्या कातून आणायचे, पसंत पडल्या नाहीत की दुसऱ्या दिवशी परत जायचे. भंगारातल्या जीपची तांब्याची नळी आणली. सायकलच्या ट्यूबचे वायसर कापले. तेल म्हणून भाभीच्या शिवणाच्या मशीनचं तेल घातलं, तर वायसर भिजल्या हरभऱ्यासारखे फुगून बसले आणि ब्रेक लागला तो सुटेचना. ट्रकवाल्यांनी सांगितलं की याला गाडीच्या ब्रेकचंच तेल लागतं. ते आणलं, तर त्याने माझ्या सायकलचा काळा रंग खाल्ला. जिथे थेंब पडला तिथे पांढरा कोडासारखा डाग. भाभीने दाराला नवा हिरवा रंग दिला होता, त्यावर मिस्त्रींच्या पाच बोटांचा पंजा कायमचा उमटला.

"चोराला शोधाया पोलीस नको," ती म्हणाली. "कुठं कुठं हात लावला, सगलं दिसतंय."

बाजाराच्या दिवशी त्यांनी माझी सायकल सगळ्यांसमोर उतारावरून आणली. आधी दोन्ही रिमांवर घागरभर पाणी ओतलं. उतारावर वेग धरला आणि एक बोट सगळ्यांना दिसेल असं वर उभारलं. सुकी मासळी विकणारी बाई उतारालाच बसली होती. तिने दोन्ही हातांनी टोपली झाकली. मिस्त्रींनी ते बोट ब्रेकवर ठेवलं. सायकल थांबली. टोपलीपासून वीतभर अंतरावर, आवाज न करता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मासळीवालीने शिव्या दिल्या. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला ते पुन्हा चढावर गेले आणि पुन्हा तसेच खाली आले.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने मूठ आवळली आणि हँडलवरून उडून पुढे पडले. पुढचा ब्रेक इतका जबर होता. मिस्त्रींनी त्याचा जोर कमी केला, मी बोटाने दाबायला शिकले, आणि खरं सांगते, त्यासारखं सुख नाही. भर पावसात खिंडीचा उतार मी गाणं गुणगुणत उतरायची. हात दुखत नव्हते. वाडीत पोहोचल्यावर सुई धरताना बोटं थरथरत नव्हती.

धोंडूने मात्र जवळजवळ दोन पावसाळे दाद दिली नाही. "माझी सळई बरी हाय," एवढंच. मिस्त्री रोज त्याच्या मागे. शेवटी दुसऱ्या वर्षी भाद्रपदात तो कंटाळून हो म्हणाला. तेव्हाही त्याने एवढंच मागितलं, की मागची सळई राहू दे.

"एका म्यानात दोन तलवारी?" मिस्त्री म्हणाले. सळया काढल्या. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक एकाच पंपावर, एकाच तेलावर चालणारे केले. माझ्याही सायकलला तसंच होतं.

आठवड्याभराने, सकाळी दहाच्या सुमारास, धोंडू त्याच खिंडीच्या उतारावर गेला. ब्रेक दाबला तर ब्रेकची मूठ सरळ हँडलला टेकली. हातात काही लागलंच नाही. तो मोरीच्या कठड्यावर आदळला. गुराख्यांनी आरडाओरडा केला, त्याला बैलगाडीत घालून आणलं. गळ्याचं हाड आणि उजवं मनगट मोडलं होतं. मी फळ्या बांधल्या आणि त्याला कर्जतच्या दवाखान्यात घेऊन गेले.

संध्याकाळी मी वॉर्डमध्ये परत गेले तेव्हा मिस्त्री धोंडूच्या खाटेपाशी जमिनीवर बसले होते. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, हात मांडीवर उताणे. हात हलत नव्हते. मी सुरुवातीला म्हटलं तो हाच दिवस. मला वाटलं, धोंडू गेला.

धोंडू जागा होता. छताकडे बघत होता.

"थेंब मला दिसला व्हता," मिस्त्री म्हणाले. मला नाही, त्याला. "सकालीच. हँडलखाली, जोडावर. मला करजतची गाडी गाठायची व्हती. मी फडक्यानं पुसला."

"म्हाईत हाय," धोंडू म्हणाला. "मीबी बगितला. तू पुसलास, मला वाटलं मिटलं."

धोंडूने छतावरची नजर मिस्त्रींकडे वळवली.

"तुला एक सांगू का रं, उस्मान?" धोंडूचा आवाज नेहमीसारखाच होता, सावकाश. "सळई कशी हाय, ती कुरकुरते. घासते, वाकते, खडखड करते. मरायच्या आदी चार दिस सांगत ऱ्हाते. तुजं तेल गपचीप जातं. आन जातं ते सगलं जातं."

मिस्त्रींनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. बोलायच्या आधी सायकलला हात. अर्ध्या तासात त्यांनी मागचा तेलाचा ब्रेक उतरवला आणि तिथे जुनी सळई बसवली. पुढे तेल, मागे सळई.

"एक गपचीप गेला तर दुसरा कुरकुराया ऱ्हाईल," ते म्हणाले. "हे धोंडू पयल्या दिवशी बोलला व्हता. मी रस्ता वलांडून गेलो."

धोंडूला रजेवर बसायचं नव्हतं. खांदा बांधलेला, हात प्लास्टरमध्ये. त्याला चालता येत होतं, सायकल मारता येत नव्हती. मग मिस्त्रींनी त्याला कॅरिअरवर घेतलं. दोन महिने रोज सकाळी, दुकान बंद ठेवून, ते धोंडूच्या टपालाच्या बीटवर वाडीवाडीला फिरले. सायकल साध्या सळईच्या ब्रेकची. मिस्त्री पुढे घाम गाळत, धोंडू मागे छत्री धरून, मांडीवर टपालाची थैली. पत्र धोंडूच हातात द्यायचा आणि धोंडूच वाचून दाखवायचा. मिस्त्री बाहेर, तोवर त्या घरची सायकल असली तर तिचं चाक फिरवून बघत.

एकदा लसी टोचायला मी त्यांच्याबरोबर निघाले होते. चढावर तिघेही उतरून चालत होतो.

"तेलाचा दोस नव्हता, धोंडू," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

"मग कोनाचा?"

"घाईचा."

"मग ती काढ की."

"ती कशी काढू? तिला नट हाय का कुठं?"

धोंडू हसला. प्लास्टर घातल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसताना खांदा दुखला म्हणून त्याने मिस्त्रींना शिवी दिली, आणि मिस्त्रींनाही त्या शिवीने जरा बरं वाटलं असावं, कारण उरलेला चढ ते जवळजवळ पळतच चढले.

पुढे कुणी तेलाच्या ब्रेकची चौकशी केली की मिस्त्री आधी त्याच्या खोडी सांगायचे. "महिन्याला तेलातली हवा काढावी लागंल. हवा शिरली की मूठ लोन्यासारखी लागते. तेल रंग खाईल. तेल रिमला लागलं तर रबर सरकंल. वायसर बदलायचा तर माझ्याकडंच यावं लागंल. सळई तुटली तर गुराखीबी तारेनं बांधून देतो, हे नाय." मग शेवटी, अगदी हळू आवाजात, "पन पावसात थांबते हो. बोटावर थांबते." तोपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असायचं. माझी सोडून अशी सायकल त्यांनी पुन्हा कुणाला करून दिली नाही.

चार वर्षांनी माझी बदली खालापूर तालुक्यात झाली. सायकल बरोबर नेली. तिथे पहिल्याच पावसाळ्यात ब्रेक मऊ लागायला लागला. तिथल्या सायकलवाल्याने तो पितळी पंप पाहिला आणि हातच लावला नाही. मी कार्ड टाकलं. चौथ्या दिवशी मिस्त्री दोन एस.टी. बदलून हजर, पिशवीत तेलाची बाटली. हवा काढली, उभ्याने चहा घेतला, गेले. तीन महिन्यांनी पुन्हा कार्ड, पुन्हा मिस्त्री. तिसऱ्या वेळी आले तेव्हा पिशवीत बाटली नव्हती. सळई होती.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"काढतो आता."

"अहो, पण चांगला आहे तो. मला सवय आहे त्याची."

"चांगला हाय," ते म्हणाले. पाना चालूच होता. "पन मी आज हाय. उद्या कार्ड पोचलं नाय, मी आलो नाय, आन तुमी उतारावर असलात? बाय, जितं दुरुस्त करनारा नाय, तितं चांगली वस्तूबी वायटच."

पंप, नळ्या, सगळं त्यांनी फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं, खाली न बघता. मग उतारावर नेऊन मला थांबून दाखवायला लावलं. मी थांबले. त्या दिवशी मी पुष्कळ आग्रह केला, पण त्यांनी चहा घेतला नाही.

नंतर भेट नाही. कार्डं यायची, ती भाभीने मुलीकडून लिहून घेतलेली. दुकान मुलगा बघतो. धोंडू रिटायर झाला. यांचं आपलं चाललंय.

ऐंशीच्या पुढची गोष्ट. मी पुण्याला निघाले होते. कर्जत स्टेशनात गाडी घाटासाठी मागचं इंजिन लावायला थांबली होती. खिडकीतून बघते तर दोन डब्यांच्या मध्ये, प्लॅटफॉर्मच्या कडेला, एक पांढरी टोपी खाली वाकलेली. रुळांकडे तोंड, कमरेत घडी. ओळखायला चेहरा लागला नाही.

"मिस्त्री!"

ते ताठ झाले. दाढी पूर्ण पांढरी. खिडकीशी आले, "बाय!" म्हणाले, आणि माझी चौकशी न करताच बोलायला लागले. मुलीकडे कल्याणला निघालेत. पलीकडच्या फलाटावर गाडी उभी आहे. भाभी सामान घेऊन आत बसली आहे. "पन बाय, गाडीची नळी बगितलीत? डब्याडब्यातली? इतकी वरसं या स्टेसनात येतो, कदी वाकून बगितलं नाय! आत्ता गार्डानं सांगितलं. ही नळी तुटली ना, डबा सुटला ना, तर ब्रेक जात नाय."

"मग?"

"लागतो! आपोआप लागतो! नळीनं मागं धरून ठेवलेला असतो, नळी तुटली की लागतो." ते खिडकीच्या गजावर बोटाने काहीतरी काढून दाखवत होते. "मी उलटं करत व्हतो, बाय. दाबलं तर लागनारा करत व्हतो. सोडलं तर लागनारा कराया पायजे व्हता. मंग थेंब गेला तरी, सगलं तेल गेलं तरी..." ते थांबले. "धोंडूला सांगितलं पायजे."

"धोंडू कसा आहे?"

"हाय. चालतो हळूहळू. परवा जातो त्याच्याकडं. नाय, उद्याच जातो."

पलीकडे शिट्टी झाली. कल्याणची गाडी हलली.

"मिस्त्री, तुमची गाडी! भाभी आत आहे ना?"

ते वळले, धावत सुटले. तेवढ्यात आमच्या गाडीलाही मागून धक्का बसला आणि ती सरकायला लागली. मी मान बाहेर काढून पाहिलं. पलीकडच्या गाडीच्या एका खिडकीतून भाभीचा हात बाहेर आला होता आणि जोरजोरात हलत होता. मिस्त्री पुलाच्या पायरीपर्यंत पोचले होते, कठड्याला हात लावला होता. तिथून त्यांनी भाभीकडे हात केला, पुढच्या गाडीने येतो असा. आणि आमचा शेवटचा डबा समोरून जाताना ते पुन्हा वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून, गाडीसोबत दोन-चार पावलं आडवे चालत, खाली बघत.